अण्णांचं देणं

रंगभूषा कुणाकडे शिकलात, असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी दोन माणसांचं सांगतो. एक बेळगावातले माझे गुरू. स्पिरिट गम, क्रेप, पॅनकेक हे सगळं त्यांच्या हाताखाली हाताळलं. दुसरे निपाणीचे अण्णा. अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडाला रंग लावला नव्हता. त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. गुरूंचं ऋण त्यांची सेवा करून थोडंफार तरी फिटलं असेल. अण्णांचं तसंच राहिलं. ज्या सिनेमापायी ते झालं त्याचं नाव चारचौघांत काढलं की लोक नाक मुरडतात. सिनेमा अमेरिकन, 1984 सालचा: ‘फ्रायडे द थर्टीन्थ: द फायनल चॅप्टर’. मालिकेतला चौथा. कोयते, सुरे, कुऱ्हाडी, आणि थोड्या थोड्या वेळानं एक मुडदा. हा सिनेमा मला आजही मनापासून आवडतो. का आवडतो हे सांगायचं तर अण्णांना सोडून सांगता येत नाही.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीतल्या कितीतरी घरांत आई, मावशी, आत्या, कुणी ना कुणी वखारीतच असायचं. दिवेलागणीला ती परत आली की लुगड्यातून, केसांतून खकाणा झडायचा आणि घरभर शिंका सुरू व्हायच्या. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंत माझ्यावर कुणाची नजर नसे. 1982 च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आला, त्यामागोमाग व्हीसीआर आला, आणि लहान गावांतूनही व्हिडिओ सेंटरं निघाली. अण्णांचं त्यातलंच एक. पुढे कॅसेटींची फळी, मागे पत्र्याची खोली, तीत बाकडी, एक टीव्ही आणि खिडकीला उजेड येऊ नये म्हणून गोणपाट. अण्णा घरी कन्नड बोलत, दुकानात मराठी, आणि इंग्रजी सिनेमा लागला की त्यांची स्वतःची एक तिसरीच भाषा. बाकड्यांवरच्या कुणालाच इंग्रजी कळत नसे. अण्णा टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसत आणि प्रसंगागणिक सांगत जात. “ही तेची भण. तो आता गाडी दुरुस्त करतोय. आता बघा, दार उघडंच ऱ्हायलंय.”

मी तिथं कॅसेटी रिवाइंड करायचो, पाणी भरायचो, व्हीसीआरचं हेड पुसायचो. हेड पुसायला एक कोरी नोट लागे. ती स्पिरिटमध्ये जराशी भिजवून ड्रमवर टेकवायची आणि ड्रम हातानं हलकेच फिरवायचा. नोट वरखाली कधी घासायची नाही, हेड तुटतं. हे काम अण्णांनी मला शिकवलं आणि मग दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्याबदल्यात मला फुकट बघायला मिळे. सगळं मात्र नाही. रात्रीच्या खेळाला ते मला दाराबाहेर काढत.

घरी मी मुखवटे करत असे. वर्तमानपत्राचा लगदा, खळ, त्यावर गेरू आणि काजळ. शिमग्यात गल्लीतली पोरं सोंगं काढत, त्यांना मुखवटे माझे. एकदा मी एक फाटका गाल केला, आतून दात दिसणारा. आईनं तो चुलीत घातला. अण्णांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, “परत कर, आणि दुकानात ठेव.” माझ्या हातच्या कामाला मिळालेली ती पहिली जागा. कॅसेटींच्या फळीच्या टोकाला तो गाल बरीच वर्षं टांगलेला होता.

मग अण्णांनी ठरवलं की पोराला हे प्रकार कसे करतात ते दाखवायचं. दुपारी गिऱ्हाईक नसे. त्यांनी मालिकेतला पहिला सिनेमा लावला, 1980 चा, शॉन कनिंगहॅमचा. एक तरुण पलंगावर पडलेला असतो. पलंगाखालून बाण येतो आणि त्याच्या नरड्यातून बाहेर पडतो. तो तरुण म्हणजे केव्हिन बेकन, पुढे मोठा नट झाला. मी डोळे मिटले. अण्णांनी रिमोटवर बोट ठेवून चित्र थांबवलं. पडद्यावर आडव्या रेघा थरथरत होत्या. “डोळं उघड. मान बघ. खांदा बघ. मानेचा रंग खांद्याला जुळतोय काय?” मी बघितलं. नव्हता जुळत. अगदी थोडा, पण नव्हता. “मग मान कुणाची?” मी म्हणालो, “खोटी.” “मग त्या पोराचं धड कुठं आहे?” मी विचार करत बसलो. पलंगाखाली, असं उत्तर मला सुचलं आणि त्याच क्षणी माझी भीती गेली. तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं, ते अजून आहे.

खूप वर्षांनी वाचलं की खरोखर तसंच केलं होतं. नट पलंगाखाली गुडघ्यावर, डोकं तेवढं उशीवर, छाती आणि मान बनावट. रक्ताच्या पंपाची नळी ऐन वेळी निसटली तेव्हा टासो स्टावराकिस नावाच्या मदतनिसानं ती तोंडात धरून फुंकली, म्हणून ते रक्त उसळून आलं. हे सगळं रचणारा होता टॉम साविनी, पिट्सबर्गचा. व्हिएतनामच्या युद्धात तो सैन्याचा छायाचित्रकार होता. जखमा त्यानं खऱ्या बघितल्या होत्या. खोटी जखम बघून खऱ्या जखमेपाशी वाटलं होतं तसं वाटलं नाही तर काम झालं नाही, अशा अर्थाचं त्यानं पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे.

या मालिकेतला मारेकरी म्हणजे जेसन, पण पहिल्या सिनेमात मारणारा तो नसतोच. मारते त्याची आई, कारण पोहायच्या तळ्यात तिचा मुलगा बुडत असताना ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांनी ठेवलं नाही. शेवटी तळ्यातून एक विद्रूप पोर उसळतं, तेवढाच जेसन. 1981 च्या दुसऱ्या भागात तोच बुडालेला पोर थोराड बाप्या होऊन आला, डोक्यावर गोणपाट घालून. साविनीला हे पटलं नाही. बुडालेला मुलगा मोठा कसा झाला, असं म्हणून त्यानं तो भाग घेतला नाही. 1982 चा तिसरा भाग थ्री-डी. हॉकीचा मास्क त्यात आला. दोन्ही स्टीव्ह मायनरचे.

हे दोन्ही भाग अण्णांनी मला ओळीनं दाखवले, आणि ते संपल्यावर एक प्रश्न विचारला. मला वाटलं, कुठली मान खोटी ते विचारतील.

“किती मेली?”

मी मोजून सांगितलं.

“नावं सांग की.”

मला एक नाव सांगता येईना. तिसऱ्या भागातला शेली तेवढा आठवला, कारण मास्क त्याचा होता, आणि तोही माझ्यासारखाच खोट्या जखमा करून माणसं घाबरवणारा पोर. बाकी कोण कोण होतं? एक पोहायला गेलेली, एक खुर्चीतला. अण्णा म्हणाले, “मग सिनेमा चांगला न्हवं.” आणि कॅसेट डब्यात घातली.

असं निवाडा देणारं माणूस मी आधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे सिनेमा चांगला म्हणजे फायटिंग चांगली, गाणी चांगली. भुताचा असेल तर किती जण किंचाळले त्यावर. ‘पुराना मंदिर’ गावात आला होता तेव्हा लोक त्यातल्या सामरीच्या, म्हणजे राक्षसाच्या, उंचीबद्दल बोलत, तो कुणाला मारतो याबद्दल नाही. अण्णांचा हिशेब वेगळा होता. तो कुठून आला हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं वयही नव्हतं.

एक गोष्ट मात्र दुकानावर येणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. दरवर्षी 6 एप्रिलला अण्णा दुकान उघडत नसत. 1981 च्या मार्चपासून तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर बसले होते. रस्त्यावरच वस्ती उभी राहिली, तिचं नाव आंदोलननगर. गावोगावच्या बायका भाकऱ्या बांधून पाठवत. अण्णा त्या भाकऱ्यांची गाठोडी सायकलवरून नेत असत. 6 एप्रिलला गोळीबार झाला. 12 शेतकरी गेले. मी तेव्हा लहान होतो. मला आठवतं ते एवढंच की आई वखारीतून लवकर आली, तिनं दार लावून घेतलं आणि त्या दिवशी घरात कुणी शिंकलं नाही.

अण्णांना ती बारा नावं पाठ होती. गावांसकट. आम्ही पोरं पाढे म्हणायचो तशी ते म्हणत, एका सुरात, मध्ये न थांबता. मी ती एकदाच ऐकली, दुकानाच्या मागच्या ओट्यावर, एका 6 एप्रिलला. पेपरवाले आकडा लिहितात, ते म्हणाले, आकडा कुणाचा भाऊ नसतो. एवढंच. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही.

चौथा भाग त्यांनी आधी स्वतः एकट्यानं बघितला. नंतर मला बोलावलं आणि चित्र न थांबवता शेवटपर्यंत दाखवला. तोंडानं काही सांगितलंही नाही.

या सिनेमात आधी एक घर आहे. आई, थोरली बहीण ट्रिश, बारा वर्षांचा टॉमी आणि गॉर्डन नावाचा कुत्रा. वडील वेगळे झालेत, त्याचा गाजावाजा नाही, फक्त जेवणाच्या टेबलावर एक जागा रिकामी वाटते. टॉमीची खोली उघडते आणि मी बाकड्यावर ताठ झालो. भिंतभर मुखवटे. लगद्याचे नाहीत, रबराचे, पण मुखवटेच. बारा वर्षांचा पोर आपल्या हातानं राक्षसांची तोंडं करतो आणि त्याची आई ते चुलीत घालत नाही. कोरी फेल्डमन नावाच्या मुलानं हे काम केलं आहे. टॉमीची ही आवड साविनीवरूनच बेतलेली होती हे मी पुढे वाचलं. त्या दुपारी मला एवढंच कळलं की माझ्यासारखा एक जण तिकडेही आहे.

शेजारच्या घरात सुट्टीला आलेली तरुण पोरं आहेत, म्हणजे मरायला आलेली. इतर भागांत ती नुसती रांगेनं मरतात. इथं जिमी आहे. क्रिस्पिन ग्लोव्हरनं तो असा केला आहे की विसरता येत नाही. पोरीनं सोडलेला, स्वतःबद्दल शंका असलेला, मित्राच्या चेष्टेनं पोळलेला. मग तो नाचतो. ते नाचणं कुठल्याच नाचात बसत नाही, हात एकीकडे, पाय एकीकडे, आणि तरी त्या नाचात तो पहिल्यांदा मोकळा झालेला दिसतो. एक मुलगी त्याला पसंत करते. आनंदानं तो स्वयंपाकघरात बाटली उघडायला येतो आणि बूच काढायचा स्क्रू सापडेना म्हणून मित्राला हाक मारून विचारतो. स्क्रू त्याच्या हाताच्या पंजातून आरपार जातो, मग सुरा तोंडावर बसतो. सारं निमिषात होतं. पण त्याच्याआधी आपण त्याच्या बाजूनं झालेलो असतो. मला त्या वेळी रक्ताचा रंग, सुऱ्याचा कोन, काहीही बघायचं सुचलं नाही. मी “अरे” म्हणालो. मोठ्यानं.

रॉब नावाचा एक तरुण जंगलात तंबू ठोकून राहिलेला असतो. दुसऱ्या भागात मेलेल्या एका मुलीचा हा भाऊ. त्या भागात ती मुलगी मेली आणि तिचा विषय तिथंच संपला. चौथ्या भागानं तिचं नाव पुन्हा घेतलं, सँड्रा, आणि दोन सिनेमांनंतर तिच्यासाठी कुणीतरी आलं. मालिकेतला मागचा मुडदा पुढच्या भागात कुणाची तरी बहीण ठरतो, हे मला फार मोठं वाटतं. आधीच्या भागांचं ऋण मान्य करूनच हा भाग त्यांच्या वर जातो.

शेवट सांगायलाच हवा. टॉमी रॉबकडच्या कात्रणांत लहानपणीच्या जेसनचं चित्र बघतो. मग कात्रीनं, वस्तऱ्यानं स्वतःचं डोकं भादरतो आणि जेसनसमोर त्याचंच लहानपण होऊन उभा राहतो. तो एवढा दांडगा मारेकरी थबकतो. मास्क पडतो, आणि कोयता चेहऱ्यात आडवा शिरतो. जेसन गुडघ्यावर येतो, आणि त्याचं डोकं त्या पात्यावरून हळूहळू खाली घसरत जातं. ही घसरण साविनीची. तो चौथ्या भागासाठी परत आला तेच या एका कारणानं: आपण जन्माला घातलेलं भूत आपल्याच हातानं संपवावं. 1980 ला तळ्यातून उसळलेल्या पोराचं रूपही त्याचंच होतं. म्हणजे टॉमी डोकं भादरून जे रूप घेतो ते साविनीच्याच पहिल्या कामाचं. माझ्या माहितीत रंगभूषाकारानं आपल्या कामाचा असा शेवट केल्याचं दुसरं उदाहरण नाही. दिग्दर्शक जोसेफ झिटो यानं 1981 च्या ‘द प्राउलर’मध्ये साविनीबरोबर काम केलेलं होतं, त्याला ठाऊक होतं की असा हात मिळाला की कॅमेरा कुठे थांबवायचा आणि किती वेळ.

खोलीत उजेड आला. अण्णांनी विचारायच्या आधीच मी सुरू केलं. जिमी. टेड. रॉब. पॉल. सामंथा. सारा. टॉमीची आई. जुळ्या बहिणींपाशी अडलो. “टीना आणि…” अण्णांनी पुरं केलं, “टेरी.”

त्यांनाही पाठ होती.

निपाणी कर्नाटकात आणि गावाला खेटून असलेलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, अर्जुननगरला. पुढे त्या परिसरातल्या हौशी मुलांनी तंबाखू आंदोलनावर एक एकांकिका बसवली. गोळी लागलेल्या शेतकऱ्याची रंगभूषा माझ्याकडे आली. मी साविनीच्या नादात होतो. छातीवर फुटलेलं मांस, सदरा चिंध्या, रक्त पायापर्यंत, असं सगळं योजून मी अण्णांना दाखवायला गेलो. त्यांनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. मग सांगितलं. समोरून भोक लहान असतं. सदरा फारसा फाटत नाही. रक्त आधी दिसत नाही, मग कापडात गोल पसरत जातं, घाई न करता. रस्त्यावरची धूळ त्यात मिसळली की ते लाल राहत नाही. डांबरावर उन्हात तर लाल दिसतच नाही, कुणी तेल सांडलंय असं वाटतं. माणूस ओरडत नाही, पाणी मागतो.

भाकऱ्यांची सायकल त्या दिवशी परत येताना कशासाठी वापरली गेली होती, ते मला तेव्हा समजलं.

तशी रंगभूषा मी केली. अगदी थोडं रक्त, सदऱ्यात हळू पसरणारं. त्यासाठी कपड्याच्या आत मेणकापडाची पिशवी आणि सुईनं केलेलं एक भोक, नटानं स्वतःच्या हातानं दाबायचं. प्रेक्षकांत आंदोलनात बसलेली माणसं होती. खोकण्याचाही आवाज नव्हता. अण्णा मागच्या रांगेत होते. ते नंतर रंगपटात आले नाहीत, थेट घरी गेले.

रक्त कसलं करायचं हाही आमचा दोघांचा बरेच दिवस चाललेला उद्योग होता. कुंकवाचं पाणी वाहतं पण वाळलं की पावडर होते. ग्लिसरीन चकाकतं पण महाग. हॉलिवूडमध्ये डिक स्मिथ या रंगभूषाकारानं बसवलेला पाक साऱ्यांनी उचलला होता: मक्याचं सिरप, खायचा लाल आणि पिवळा रंग, अपारदर्शक व्हायला झिंक ऑक्साइड, कापडात नीट मुरायला फोटो धुण्याचं एक रसायन. ते सिरप आम्हाला कुठून मिळणार? पण आमच्या भागात गुऱ्हाळं होती. अण्णांनी काकवी सुचवली. काकवीला मुळातच पिवळसर तपकिरी झाक असते, त्यामुळे लाल रंग टाकला की तो भडक दिसत नाही, रक्तासारखा खोल दिसतो. औषधाच्या दुकानातून चिमूटभर झिंक ऑक्साइड, थोडं कोमट पाणी, आणि झालं. उन्हाळ्यातल्या प्रयोगाला मुंग्या लागतात, तेवढं सांभाळायचं. बेळगावात गुरूंनी ते बघितलं, बोटावर घेतलं, चाखलं, आणि मला हाताखाली ठेवून घेतलं. लोकमान्य रंगमंदिरात, गणेशोत्सवातल्या मंडपांत, जिथं जिथं मी काम केलं तिथं ही काकवी गेली आहे.

हे सिनेमे म्हणजे विकृती, असं मला लोक सांगतात, आणि सांगणाऱ्यांत मी मानतो ती माणसंही आहेत. मी वाद घालतो. आमच्याच बाजूला, निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ केला, 1920 साली. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की तो प्रसंग सेन्सॉरनं काढायला लावला. लोकमान्यांनी याच सिनेमासाठी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. कीचकाच्या देहाचं काय झालं हे बघताना लोकांना धडकी भरली, कारण सैरंध्रीचं काय झालं हे त्यांनी आधी बघितलं होतं. आधी माणूस उभं करायचं आणि मग त्याचं रक्त दाखवायचं, ही परंपरा अमेरिकेतून आलेली नाही. पण सगळे रक्तपाती सिनेमे मी पाठीशी घालत नाही. ‘फायनल चॅप्टर’ म्हणून जाहीर करूनही पुढच्याच वर्षी पाचवा भाग आला. तो मला अजिबात सोसत नाही, त्यात मेलेल्यांना पुन्हा नुसता आकडा होऊन जावं लागलं. निर्मात्यांना पैसा दिसला, बाकी काय.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या शहापूरच्या एका मुलीनं मध्यंतरी मला ‘टेरिफायर 2’ बघायला लावला. 2022 चा. दिग्दर्शक डेमियन लिओन, आणि रक्तामांसाची करामतही त्याचीच. त्याचा पहिला ‘टेरिफायर’ मी आधी बघितला होता. हात विलक्षण, पण माणसं कोरी. दुसऱ्या भागात त्यानं सिएना नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ जोनाथन उभा केला, बाप गेलेलं घर उभं केलं. सिनेमा सव्वादोन तासांच्या वर जातो, मध्ये पसरतो, एक खून तर इतका लांबतो की मला तिथं कात्री हवीशी वाटली. तरी तो पहिल्याहून कितीतरी सरस आहे, आणि सरस होण्याचं कारण तेच, जे 1984 ला होतं. आमचं दोघांचं त्या लांबलेल्या खुनावरून अजून जमलेलं नाही. ती म्हणते, त्रास व्हायलाच हवा. मी म्हणतो, त्रास कुणासाठी होतोय ते ठरव.

केबल आली, मग सीडी आली, आणि अण्णांनी कॅसेटींची फळी उतरवली. पुढे तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं. मी बेळगावला स्थायिक झालो. तवंदी घाट ओलांडून निपाणीला जाणं सणासुदीपुरतं उरलं. गेलो की अण्णांकडे जायचो. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तरी ते विचारत, “सध्या कुणाला मारतोयस?” मी नाटकाचं नाव सांगे, पात्राचं सांगे, जखम कुठं आहे ते सांगे. ते हात पुढे करत. माझ्या मनगटावर, गळ्यावर बोट टेकवून म्हणत, “हितं न्हवं, जरा खाली.” आणि बहुतेक वेळा जरा खालीच बरोबर असे.

चौथ्या भागात मास्कच्या आत कोण होता हे मला अण्णा गेल्यानंतर वाचायला मिळालं. टेड व्हाइट, साठीच्या घरात आलेला स्टंटमन, एके काळी जॉन वेनसाठी स्टंट केलेला. असल्या सिनेमात आपलं नाव नको म्हणून त्यानं श्रेयनामावलीत ते येऊ दिलं नाही. तळ्यातल्या एका प्रसंगात रबरी तराफ्यावरच्या मुलीला जेसन मारतो. चित्रण रात्रीचं, पाणी गारठलेलं. दोन टेकच्या मध्ये त्या नटीला पाण्याबाहेर काढत नव्हते, ती कुडकुडत होती. व्हाइट दिग्दर्शकाला म्हणाला, हिला बाहेर काढा, नाहीतर मी हा निघालो. पडद्यावर तिला मारणारा माणूस तिच्यासाठी काम सोडायला तयार झाला.

ही हकिकत अण्णांना सांगायला हवी होती. व्हाइटचं कौतुक त्यांनी केलं असतं, पण आधी त्या मुलीचं नाव विचारलं असतं. सिनेमात सामंथा. खरं नाव जूडी अरॉन्सन.